आयर्विनचे फूट, शॅननचे बिट

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गावभागात वीज नव्हती. मोबाइलचं उरलेलं चार्जिंग जपून वापरत मी ग्रुपवरचे मेसेज वाचत होतो : ‘पाणी वाढतंय, सगळ्यांनी काळजी घ्या.’ ‘परिस्थिती गंभीर!!!’ ‘शेअर करा.’ सगळे दोन-चार शब्दांचे. पण सामान माडीवर न्यायचं की घर सोडायचं, हे एकातूनही कळत नव्हतं. छोटी पोस्ट म्हणजे कमी शब्दांची पोस्ट, हा समज माझ्यापुरता तेव्हाच संपला.

पोस्ट लिहायला शिकवणारे हल्ली सांगतात, की माणसाचं लक्ष आठ सेकंदच टिकतं, सोनेरी माशाहूनही कमी. या आकड्यामागे धड प्रयोग नाही. पुराच्या रात्री धरणाच्या विसर्गाचा तक्ता माणसं तासभर बारकाईने बघत बसतात. कामाचं काही असलं की लक्ष टिकतं.

मग पोस्टमध्ये कामाचं किती आहे, हे मोजायचं कसं? अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली ते मोजण्याची रीत दिली. ती मला इतकी आवडते, की जरा सविस्तर सांगतोच.

समजा, पाण्याची पातळी २६ ते ५७ फुटांमध्ये कुठेतरी आहे एवढंच तुम्हाला माहीत आहे. म्हणजे ३२ शक्यता. पुलावर उभ्या असलेल्या मित्राला फक्त हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारायचे. ‘४१च्या वर आहे का?’ नाही. उरल्या १६. ‘३३च्या वर?’ हो. उरल्या ८. मग ४, मग २, मग १. पाच प्रश्नांत आकडा हाती. अशा एका प्रश्नाच्या उत्तराला शॅनन यांनी एक ‘बिट’ म्हटलं. म्हणून ‘आयर्विन ३९ फूट’ या तीन शब्दांत पाच बिट माहिती आहे.

सगळ्या शक्यता सारख्या नसतील, तर गणित थोडं बदलतं. एखाद्या बातमीची शक्यता p असेल, तर तिच्यातली माहिती म्हणजे १/p या संख्येचा २ या पायावरचा लॉगरिदम, म्हणजे २चा कितवा घात घेतला की १/p येतो, तो आकडा. कोयनेतून विसर्ग वाढवल्याचं सगळ्यांना माहीत असताना ‘पाणी वाढतंय’ हे खरं असण्याची शक्यता ९५ टक्के धरा. उत्तर येतं सुमारे ०.०७ बिट. त्याच वेळी कोणी ‘पाणी उतरतंय’ असं कळवलं, तर शक्यता ५ टक्के आणि माहिती ४.३ बिट, म्हणजे जवळपास साठपट. दोन्ही वाक्यं दोनच शब्दांची! माहिती अक्षरांत नसते. वाचणाऱ्याला आधी काय ठाऊक होतं, त्यावर ती ठरते. ‘हा मेसेज अकरा जणांना पाठवा, कृष्णामाई शांत होईल’ हा मेसेज तर पाणी चढो वा उतरो, येतोच. त्याची शक्यता शंभर टक्के, माहिती शून्य बिट. पाणलोटातला पाऊस थांबून विसर्ग कमी झाला की पूर उतरतो.

आणखी एक गोंधळ दर वर्षी दिसतो : टीएमसी आणि क्युसेक यांची अदलाबदल. टीएमसी म्हणजे साठा (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), क्युसेक म्हणजे वेग (सेकंदाला किती घनफूट). कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. ५० हजार क्युसेकने पाणी सोडलं, तर एक टीएमसी बाहेर पडायला साडेपाच तास लागतात. ‘कोयनेतून ५० टीएमसी सोडले’ अशी पोस्ट वाचून घाबरण्याआधी एकक तपासा.

पण मग एकही जादा शब्द नको का? इथे शॅनन यांच्या सिद्धांताचा दुसरा अर्धा भाग येतो. वाटेत गडबड होणार असेल, तर थोडी पुनरुक्ती मुद्दाम ठेवावी लागते. त्यांचे सहकारी रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली चूक स्वतःच ओळखून दुरुस्त करणारे संकेत (कोड) मांडले, तेही याच पायावर. आपल्याकडे याचं घरगुती रूप म्हणजे वार आणि तारीख दोन्ही लिहिणं. ‘मंगळवार, ६ ऑगस्ट २०१९’ यातल्या ६चा कोणी ९ केला, तर वार जुळत नाही आणि चूक उघडी पडते. फरक नेमका सातच्या पटीत असेल, तरच ती निसटेल. ‘आज’ हा शब्द मात्र फॉरवर्ड होताना कधी शिळा होत नाही. त्यामुळेच २०१९चे मेसेज पुढच्या पावसाळ्यांत नवे होऊन फिरतात.

मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलं, की माणूस एका वेळी साधारण चारच गोष्टी मनात धरू शकतो. त्यामुळे मी आता चारच लिहितो : ठिकाण, वेळ, आकडा आणि पाणी चढतंय की उतरतंय. ‘आयर्विन पूल. मंगळवार, ६ ऑगस्ट २०१९, रात्री ८. ४५ फूट, धोका पातळी. चढतं आहे.’ नमुना म्हणून लिहिलाय, आकडा त्या रात्रीचा नव्हे. यातला ‘रात्री’ हा शब्द खोडू नका. सकाळी की रात्री, हा एका प्रश्नाचा, एका बिटचा फरक आहे. तो गेला, तर वाचणारा बारा तास चुकतो आणि तेवढ्यात पाणी उंबऱ्याच्या आत आलेलं असतं.