सीमेपलीकडे कर खरंच कमी आहे का? (आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नागपूरहून सावनेर मागे टाकलं की थोड्याच वेळात मध्य प्रदेश लागतो. पांढरकवड्याच्या पुढे तेलंगणा, देवरीच्या पुढे छत्तीसगड. इतवारी आणि गांधीबागेतल्या कितीतरी दुकानांचं गिऱ्हाईक या तिन्ही बाजूंना पसरलेलं आहे. त्यामुळे मार्चअखेरीस हिशेब घेऊन आलेल्यांपैकी कोणीतरी विचारतंच, "तिकडे टॅक्स कमी आहे म्हणतात, मग तिकडेच एखादी नोंदणी करून टाकली तर?" या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक कराला वेगळं आहे, म्हणून हे पत्रक.

प्राप्तिकर केंद्राचा. तुम्ही धरमपेठेत राहा की रायपुरात, दर तोच.

जीएसटीचंही तसंच. १ जुलै २०१७ पासून वस्तूवरचा दर देशभर एक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्याला १८ टक्के लागतात, ते नागपुरात आणि हैदराबादेतही. राज्य बदललं की दर बदलत नाही, बदलतात ते बाकीचे नियम. आमच्या अनुभवात नोटिसा येतात त्या नेमक्या इथूनच.

उदाहरणार्थ नोंदणीची मर्यादा. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात, मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडमध्ये ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. तेलंगणाने मात्र ही मर्यादा २० लाखांवरच ठेवली आहे. आदिलाबादला छोटं दुकान टाकायचा विचार असेल, तर नागपूरचा आकडा डोक्यात ठेवून जाऊ नका. आणि इथून परराज्यात माल विकत असाल, तर ही मर्यादा विसराच. पहिल्याच विक्रीपासून नोंदणी बंधनकारक आहे. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची, उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची योजना) असलेल्यांना तर राज्याबाहेर माल विकताच येत नाही.

दुसरी गोष्ट बिलावरच्या पत्त्याची. मध्य प्रदेशातल्या सिवनीचं कुटुंब लग्नाची खरेदी करायला येतं, ८० हजारांचं बिल होतं, माल काउंटरवरच हाती दिला जातो. पूर्वी यावर बिनदिक्कत केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी लावला जायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम बदलला. ग्राहक नोंदणीकृत नसेल तर बिलावर लिहिलेला त्याचा पत्ता ज्या राज्यातला, ते राज्य पुरवठ्याचं ठिकाण धरलं जातं. पत्ता लिहिलेला नसेल तर तुमचं दुकान. ५० हजार किंवा त्याहून मोठ्या बिलावर नाव-पत्ता लिहावाच लागतो, म्हणजे सिवनीच्या या बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी) लागेल. ग्राहकाच्या खिशातून जाणारी रक्कम तेवढीच राहते, पण कर चुकीच्या खात्यात भरला तर तुम्हाला तो पुन्हा योग्य खात्यात भरून आधीच्या रकमेचा परतावा मागावा लागतो. त्यावर व्याज लागत नाही, पण हेलपाटे पडतात. बिलिंग करणाऱ्या मुलांना ही एक गोष्ट आजच समजावून सांगा.

ई-वे बिलाचीही (माल गाडीतून नेताना सोबत लागणारं ऑनलाइन बिल) सरमिसळ होते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल पाठवताना सर्वसाधारणपणे एक लाखापर्यंत ते लागत नाही. मध्य प्रदेशातल्या सौंसरला टेम्पो सोडायचा तर ही सूट संपते आणि ५० हजारांच्या वर ई-वे बिल हवंच. अंतर किती, हा प्रश्नच येत नाही.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला गोदाम घेणाऱ्यांसाठी खास सूचना. तिथला जीएसटी नंबर वेगळा घ्यावा लागतो आणि तुमचाच माल तुमच्याच गोदामात पाठवला तरी तो करपात्र पुरवठा ठरतो. तिकडे क्रेडिट (भरलेल्या कराची पुढच्या करातून वजावट) मिळतं, हे खरं, पण तोवर पैसा अडकून राहतो. तसंच रायपूरच्या हॉटेलातल्या मुक्कामाचा जीएसटी नागपूरच्या नंबरवर क्रेडिट म्हणून घेता येत नाही. तो छत्तीसगडचा कर आहे. अशी बिलं आमच्याकडे फाइलमध्ये लावून येतात आणि आम्हाला ती बाजूला काढावी लागतात.

जिथे राज्याराज्यांत खरा फरक आहे

पहिला व्यवसाय कर. राज्यघटनेच्या २७६व्या कलमाने यावर वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. तिच्या आत प्रत्येक राज्य आपापले टप्पे ठरवतं. महिना १८ हजार पगाराचा कर्मचारी घ्या. तो पुरुष असेल आणि नागपुरात काम करत असेल, तर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे पूर्ण २,५०० रुपये जातात. तेलंगणात महिना १५० म्हणजे वर्षाला १,८००. मध्य प्रदेशात सव्वादोन लाखांपर्यंतच्या वार्षिक पगाराला हा कर नाही, म्हणून शून्य. राजस्थान आणि उत्तर प्रदेशात तर व्यवसाय करच नाही. हाच पगार नागपुरातल्या महिला कर्मचाऱ्याला असेल, तर एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंत माफी आहे. अनेक दुकानांत अजूनही महिलांच्या पगारातून हा कर कापला जातो आहे, तो थांबवा. पुरुषांना मात्र दहा हजारांच्या वर पूर्ण कर लागतो. आजच्या महागाईत ही मर्यादा फार खाली आहे आणि ती वाढायला हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला व्यवसाय कर भरायचा पीटीआरसी आणि स्वतःचा व्यवसाय कर भरायचा पीटीईसी हे दोन वेगळे नोंदणी नंबर आहेत. भागीदारीत प्रत्येक भागीदाराचा पीटीईसी वेगळा असतो आणि त्याचे २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरायचे असतात. ६५ वर्षांवरच्यांना माफी आहे. दुकान बंद केलं असेल तर नंबर रद्द करून घ्या. नाहीतर वर्षानुवर्षांची थकबाकी एकदम समोर येते.

दुसरा फरक घर-जमिनीचा, आणि तो सगळ्यात मोठा. महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर स्थानिक संस्थेचा अधिभार आणि एप्रिल २०२२ पासून नागपूर शहरात मेट्रोचा १ टक्का. महिलेच्या नावावर घर घेतलं तर १ टक्का सवलत. लोक एवढंच बघून "आपल्याकडेच जास्त" म्हणतात. नोंदणी शुल्क मात्र पाहत नाहीत. महाराष्ट्रात ते १ टक्का आहे, पण ३० हजारांच्या वर जात नाही. मध्य प्रदेशात ते ३ टक्के. म्हणजे ६० लाखांच्या मालमत्तेवर इथे ३० हजार आणि तिकडे एक लाख ऐंशी हजार, शिवाय तिथल्या शहरांत मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून साडेनऊ टक्क्यांपर्यंत जातं. तेलंगणात मुद्रांक, हस्तांतरण आणि नोंदणी मिळून साडेसात टक्के. शुल्क मालमत्ता जिथे आहे तिथलं लागतं, तुम्ही कुठले रहिवासी आहात याने फरक पडत नाही. आणि घरातल्या घरात द्यायचं असेल, तर राहतं घर किंवा शेतजमीन पत्नी, पती, मुलं, नातवंडं यांना बक्षीसपत्राने देताना महाराष्ट्रात मूळ शुल्क फक्त २०० रुपये आहे, अधिभार वेगळे. विक्रीखत करण्याआधी याचा विचार करा.

गाड्यांचं म्हणाल, तर एमपी-२८ (मध्य प्रदेशातलं छिंदवाडा) पासिंगच्या किती गाड्या नागपुरात कायमच्या फिरतात ते आपण सगळेच बघतो. कायदा असा आहे की १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो आणि तिथला करही. जुन्या राज्याकडून परतावा मिळतो, पण तो तुम्हालाच मागावा लागतो. नवी गाडी घेताना हेही लक्षात ठेवा, की महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारला ११ टक्के कर आहे, कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के.

इंधन अजून जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे व्हॅट (राज्याचा विक्रीवरचा कर) राज्यागणिक वेगळा. डिझेलवर महाराष्ट्रात २१ टक्के, तेलंगणात २७. हैदराबादकडे ट्रक जात असेल तर टाकी पांढरकवड्याच्या अलीकडेच भरायला सांगा.

परराज्यात शाखा, गोदाम किंवा घर घ्यायचं ठरत असेल, तर कराराचा मसुदा सही करण्याआधी आमच्याकडे आणा. सोबत पॅन, सध्याचं जीएसटी प्रमाणपत्र आणि कर्मचाऱ्यांची पगारपत्रकं असू द्या. वाचून सांगण्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.