थर्मोस्टॅट काढला की गाडी तापत नाही?

“ट्रॅफिकमध्ये गाडी तापते? थर्मोस्टॅट काढून टाका,” हा सल्ला मुंबईत वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखा वाटतो, कारण थर्मोस्टॅट, म्हणजे एक झडप, इंजिनातून रेडिएटरकडे (पाणी थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारं पाणी अडवतो. पण अडवतो तो इंजिन थंड असतानाच. साधारण ८२ ते ९० अंशांना तो उघडू लागतो. काढला तर थंड इंजिन कामाच्या तापमानाला यायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं.

सायनला रखडल्यावर तापमानाचा काटा चढतो आणि फ्रीवेवर उतरतो? मग आधी फॅन बघा. उभ्या गाडीत रेडिएटरला वारा तोच देतो. एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत तो फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, रिले (फॅनची वीज चालू-बंद करणारा स्विच), मग मोटर तपासा. थर्मोस्टॅटचीच शंका असेल तर काढून उकळत्या पाण्यात टाका, उघडतोय का दिसेल. मात्र तापलेल्या इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. उकळतं पाणी अंगावर उडतं.