पास विषयामागे दोन शिलिंग आठ पेनी

सप्टेंबर २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या सरकारी शाळांवर एका शब्दाचा शिक्का मारणं बंद झालं. तोवर ऑफस्टेड ही तपासणी संस्था शाळेत यायची, एक-दोन दिवस वर्ग पाहायची आणि सगळ्या शाळेला मिळून चारांपैकी एक शेरा द्यायची. ‘आउटस्टँडिंग’पासून ‘इनॅडिक्वेट’पर्यंत. त्या शेऱ्यावर पालकांची रांग ठरायची, आसपासच्या घरांच्या किमती हलायच्या, मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या जायच्या. जानेवारी २०२३ मध्ये रेडिंगजवळच्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेने आत्महत्या केली. या मृत्यूला तपासणीचाही हातभार लागला, असा निष्कर्ष त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चौकशी अधिकाऱ्यांनी नोंदवला. त्यानंतर शेरा टिकणं अवघडच होतं.

बातम्यांत ही गोष्ट २०२३ पासून सुरू होते. पण शाळेचं काम मोजायचं कशात आणि त्या मापाला पैसा किंवा अब्रू बांधली की वर्गात काय होतं, हा प्रश्न तिथे दीडशे वर्षांहून जुना आहे. आणि त्याचं पहिलं उत्तर आपल्या मुंबई इलाख्यातही येऊन गेलं आहे.

ब्रिटिश सरकारने शाळांसाठी पहिल्यांदा पैसा दिला तो १८३३ मध्ये, २०,००० पौंड. शाळा चर्चच्या, सरकारचा फक्त हातभार. पुढच्या तीस वर्षांत ही रक्कम कित्येक पटींनी फुगली. मध्ये क्रिमियाचं युद्ध झालं, तिजोरी आटली. १८५८ मध्ये नेमलेल्या न्यूकॅसल आयोगाने १८६१ च्या अहवालात सांगितलं की शाळा बऱ्याच आहेत, पण गरिबांच्या मुलांना साधं लिहिणं-वाचणंही नीट येत नाही. शिक्षणाचा कारभार तेव्हा रॉबर्ट लो यांच्याकडे होता. त्यांनी संसदेत सरळ हिशेब मांडला: नवी व्यवस्था स्वस्त नसली तर परिणामकारक असेल, आणि परिणामकारक नसली तर स्वस्त असेल.

१८६२ ची ही सुधारित नियमावली वाचली तर किराणा दुकानाची वही वाचल्यासारखं वाटतं. सरासरी हजेरीवर मुलामागे ४ शिलिंग. सहा वर्षांवरचं मूल वर्षात सकाळ-दुपार मिळून २०० वेळा हजर असेल आणि इन्स्पेक्टरच्या परीक्षेला बसलं तर आणखी ८ शिलिंग. पण वाचन, लेखन, अंकगणित यांपैकी ज्यात नापास होईल त्याचे २ शिलिंग ८ पेनी कापायचे. तिन्हींत नापास, तर आठही गेले. परीक्षेसाठी सहा पायऱ्या आखल्या, त्यांना नाव दिलं ‘स्टँडर्ड’. मुंबईत आजही ‘मुलगी फिफ्थ स्टँडर्डला आहे’ असं सहज म्हटलं जातं. तो शब्द याच शाळांतून आपल्याकडे आला.

आता मास्तरच्या जागी बसून बघा. हुशार पोराला आणखी शिकवलं तरी पैसे तेवढेच. अगदी मागे पडलेल्यावर वर्षभर घाम गाळला तरी हाती काही लागेल याचा भरवसा नाही. फायदा कोणात? काठावरच्या पोरात. इतिहास, भूगोल, निसर्ग यांना दर नाही, म्हणून ते विषय वेळापत्रकातून गळाले. इन्स्पेक्टर येण्याच्या दिवशी आजारी पोरांनाही उचलून शाळेत आणलं जाई, कारण गैरहजर मूल म्हणजे बुडालेले आठ शिलिंग.

इन्स्पेक्टरांपैकी एक होते कवी मॅथ्यू अर्नोल्ड. १८५१ पासून ते शाळा तपासत होते. १८६७ च्या अहवालात त्यांनी लिहिलं की पुरेशी हिकमत लढवली तर मुलांना खरं वाचता-लिहिता-मोजता येत नसतानाही परीक्षेतून पार नेता येतं. सरकारने हा खेळ मांडला आहे आणि आपल्याला हरवायला शिक्षक शिकणारच, त्यांना शिकावंच लागेल, असं त्यांचं म्हणणं. ब्रिटिश शाळांवरचं संशोधन म्हणून आज आपण ज्याकडे पाहतो, त्याची एक चांगली सुरुवात मला अर्नोल्डच्या या अहवालांत दिसते. नमुना-निवड नाही, आकडेमोड नाही. पण वर्षानुवर्षं वर्गात बसून पाहिलेलं आहे, आणि मापच मोजायच्या गोष्टीला कसं बिघडवतं हे त्यात स्वच्छ आलं आहे.

इन्स्पेक्टरांचे अहवाल खात्याला झोंबत होतेच. लो यांचं खातं त्यांतले नको ते भाग छापण्याआधी कापतं, असा आरोप १८६४ मध्ये संसदेत झाला, ठराव खात्याविरुद्ध गेला आणि लो यांनी राजीनामा दिला. (पुढे चौकशी समितीने त्यांना दोषमुक्त केलं.) सरकारच्या हिशेबाने मात्र नियमावली यशस्वी होती: १८६१ मध्ये ८ लाख १३ हजार पौंडांच्या आसपास गेलेलं अनुदान १८६५ मध्ये ६ लाख ३७ हजारांवर आलं. स्वस्त तर ती झालीच.

१८६० च्याच दशकात मुंबई इलाख्यात खासगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. ‘डिपोटी’, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर, येणार म्हटल्यावर गावातल्या मास्तरांची उडणारी गाळण जुन्या पिढीच्या आठवणींत आहेच. तिच्यामागे फक्त साहेबाचा दरारा नव्हता, खिसाही होता. १९ ऑक्टोबर १८८२ च्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी या पद्धतीचं मर्म पकडलं. ज्या लोकांत अजून शिक्षणाची गोडीच निर्माण झालेली नाही, त्यांच्यात शिक्षण पसरवायला ही निकालाची रीत बिलकूल उपयोगाची नाही, असं ते सांगतात. कारणही व्यवहाराचं देतात: अशा वस्तीत स्वतःच्या हिमतीवर शाळा काढून कुठल्याही शिक्षकाचं पोट भरणार नाही, तेव्हा सरकारी शाळाच हव्यात. अर्नोल्डनी परीक्षेतली फसगत दाखवली. फुल्यांनी त्याच्या अलीकडची गोष्ट दाखवली, की ज्यांची मुलं परीक्षेपर्यंत पोचतच नाहीत त्यांच्याकडे या मापाचं तोंडच नाही. माझ्या मते दोघांत फुल्यांचा आक्षेप जास्त खोल जातो.

इंग्लंडमध्ये ही पद्धत १८९० च्या दशकात मोडीत निघाली. त्यानंतरच्या काळात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, वर्गात काय शिकवायचं हे बरंचसं शाळा आणि शिक्षकच ठरवत. निवड होती ती अकराव्या वर्षाच्या परीक्षेत, कोण ग्रामर स्कूलला, म्हणजे निवडक मुलांच्या माध्यमिक शाळेला, जाणार यासाठी. तो इतिहास वेगळाच आहे. १९७० च्या दशकात तेलाचे भाव चढले, कारखाने बंद पडू लागले आणि शाळांवरचा विश्वास डळमळला. १८ ऑक्टोबर १९७६ ला पंतप्रधान जेम्स कॅलहन यांनी ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात भाषण करून शाळा काय शिकवतात हा देशाचा विषय केला. बोलणारा मजूर पक्षाचा, पण पीक काढलं हुजूर पक्षाने. १९८८ च्या कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला, सात, अकरा आणि चौदा वर्षांच्या मुलांच्या परीक्षा आणल्या. १९९२ मध्ये ऑफस्टेड आली आणि शाळांच्या निकालांचे तक्ते छापायला सुरुवात झाली. १९९३ मध्ये शिक्षकांनी परीक्षांवर बहिष्कारही टाकला.

या वेळी संशोधक तयार होते. संख्याशास्त्रज्ञ हार्वे गोल्डस्टाइन यांनी दाखवलं की तक्त्यातला शाळांचा क्रम बराचसा कोणत्या घरची मुलं येतात यावर ठरतो, आणि दोन शेजारच्या क्रमांकांतला फरक अनेकदा योगायोगाइतकाच असतो. १९९८ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजचे पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी सुमारे अडीचशे अभ्यास चाळून सांगितलं, की मूल शिकतं ते शिकतानाच कुठे अडलंय हे कळल्याने. शेवटी मिळालेल्या गुणाने नव्हे. ब्लॅक हे राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या मूल्यमापनाचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते, हे विसरू नये.

सगळ्यांत बोलका अभ्यास डेव्हिड गिलबॉर्न आणि डेबोरा युडेल यांचा, २००० सालचा. तेव्हा सोळाव्या वर्षी किती मुलांना पाच विषयांत ‘सी’ किंवा वरची श्रेणी मिळाली यावर शाळा मोजली जाई. त्यांनी अभ्यासलेल्या लंडनच्या दोन शाळांत शिक्षक मुलांची तीन गटांत वाटणी करत होते: तरलेली, वाचवता येण्याजोगी आणि गेलेली. युद्धातल्या दवाखान्यात जखमींची करतात तशी. वेळ आणि माणसं मधल्या गटावर, म्हणजे ‘डी’ आणि ‘सी’च्या काठावरच्यांवर. गरीब आणि कृष्णवर्णीय मुलं तिसऱ्या गटात जास्त. १८६२ च्या मास्तरची ओळख पटायला आणखी काय हवं! पुढे २०१६ पासून प्रत्येक मुलाची प्रगती मोजणारं नवं माप आलं. मग परीक्षेआधीच पटावरून मुलं कमी करण्याची वाट सापडली. २०१६ ते २०१७ या काळात दहावी इयत्ता संपून अकरावी, म्हणजे परीक्षेची, सुरू होताना १९,००० हून अधिक मुलं शाळांच्या पटावरून गेली आणि त्यातली जवळपास निम्मी दुसऱ्या सरकारी शाळेत दिसलीच नाहीत, असं ऑफस्टेडनेच नोंदवलं. सगळ्यांनाच शाळेने घालवलं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नववीत मुलं गाळणाऱ्या शाळा आपल्यालाही नव्या नाहीत.

इथवर गोष्ट सोपी वाटते: माप वाईट, काढून टाका. वेल्सने २००१ मध्ये तेच केलं, तक्ते छापणं बंद केलं. शेजारच्या इंग्लंडात ते चालूच राहिले, त्यामुळे संशोधकांना आयती तुलना मिळाली. ब्रिस्टल विद्यापीठाच्या २०१० च्या अभ्यासात वेल्सच्या शाळा मागे पडलेल्या दिसल्या, दर विद्यार्थ्यामागे जवळपास दोन श्रेणींनी. सर्वांत वरच्या पाव शाळांना काही फरक पडला नाही. घसरल्या त्या बाकीच्या. म्हणजे कुणी बघत नसेल तर पुन्हा गरिबाचंच पोर मागे राहतं, असाही पुरावा आहे. तक्ते नकोत म्हणणारे या अभ्यासाचं नाव क्वचितच घेतात आणि तक्ते हवेत म्हणणारे गिलबॉर्न-युडेलचं. दोन्ही बाजूंचे मंत्री आपापल्या सोयीचं पान उघडतात.

नोव्हेंबर २०२५ पासून ऑफस्टेडने नवं प्रगतिपत्रक वापरायला घेतलं आहे. एका शब्दाऐवजी बरेच रकाने, बहुतेक रकान्यांत पाच पायऱ्यांपैकी एक. परीक्षांच्या निकालांचे तक्ते मात्र होते तिथेच आहेत, दरवर्षी छापले जातात.