काटा हलत नाही तेव्हा

पहिल्या आठवड्यात वजन दोन किलोंनी उतरतं आणि माणूस हवेत तरंगायला लागतो. एवढं सोपं होतं तर आजवर का नाही केलं, असं स्वतःलाच विचारतो. दुसऱ्या आठवड्यात अर्धा किलो. तिसऱ्या आठवड्यात काटा जिथल्या तिथे, वर दोनशे ग्रॅमचा आहेर. खाणं तेच, चालणं तेच, आणि तरीही. चौथ्या आठवड्यात वजनकाटा पलंगाखाली सरकवला जातो आणि निकाल लागतो: ‘आपल्यात जिद्दच नाही.’

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो असं माझं मत आहे. वजन कमी करायला निघालेल्यांचा उत्साह कुठे कुठे मावळतो त्या जागा इतक्या ठरलेल्या आहेत, की त्यांचं कारण प्रत्येकाच्या स्वभावात शोधत बसण्यात अर्थ नाही. ते शरीराच्या हिशेबात सापडतं.

आधी ते पहिले दोन किलो पाहू. आपलं शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंमध्ये साठवून ठेवतं. हा साठा साधारण चारशे-पाचशे ग्रॅमचा. पण ग्लायकोजेन एकटं राहत नाही, दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी झालं की शरीर आधी याच साठ्याला हात घालतं, आणि साठा संपता संपता त्याचं पाणीही लघवीवाटे निघून जातं. काटा खाली येतो, पण गेलेलं असतं मुख्यतः पाणी. दोन-तीन दिवस नेहमीसारखं जेवलं की ते जसं गेलं तसं परत येतं आणि ‘चरबी चढली’ म्हणून आपण हबकतो.

खऱ्या चरबीचा हिशेब फार संथ चालतो. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे अंदाजे 7700 कॅलरी. रोज 500 कॅलरींची तूट ठेवली, आणि ती ठेवणं हेसुद्धा चांगलंच काम आहे, तर आठवड्याला 3500 होतात. म्हणजे अर्धा किलोही नाही. दिवसाला जेमतेम 65 ग्रॅम. आता गंमत बघा. आदल्या रात्री जरा खारट खाल्लं, पोट साफ झालं नाही, पाळी जवळ आली, नवा व्यायाम करून स्नायू दुखावले, यांतल्या कशानेही वजन एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतं. किलोभराच्या गोंगाटात 65 ग्रॅमचा आवाज ऐकू येणार कसा? काटा खोटं बोलत नाही, पण त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा असतो. ‘काल मी नीट वागलो का?’ याचं उत्तर त्याच्याकडे नाहीच. सात दिवसांच्या सरासरीची मागच्या सात दिवसांच्या सरासरीशी तुलना केली, तर तो थोडंफार काही सांगू शकतो.

(चरबी जाते कुठे, हेही बहुतेकांना ठाऊक नसतं. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी याचा हिशेब मांडला: 10 किलो चरबी जळली की 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि 1.6 किलोचं पाणी होतं. घामाच्या धारा लागल्या म्हणजे चरबी वितळली, हा समज त्यामुळे निकालात निघतो.)

पण संथ का असेना, वजन उतरत तर असतं. मग मन का खट्टू होतं? इथे मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेलं काम आठवतं. माकडाला फळाचा रस अचानक मिळाला की त्याच्या मेंदूतल्या डोपामिनच्या, म्हणजे बक्षिसाची दखल घेणाऱ्या रसायनाच्या, पेशी उसळतात. रसाआधी दर वेळी दिवा लावला, तर काही दिवसांनी पेशी दिव्यालाच उसळतात आणि रस आल्यावर गप्प राहतात, कारण तो येणार हे आता माहीत असतं. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी पेशींची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाते. म्हणजे मेंदू किती मिळालं हे मोजत नाही, अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा कमी मिळालं हे मोजतो. माकडाच्या रसावरून माणसाच्या वजनकाट्यावर उडी मारताना जपूनच मारायला हवी. तरी पहिल्या आठवड्यातल्या त्या दोन किलो पाण्याने मनात कसली अपेक्षा रुजवली असेल, आणि दुसऱ्या आठवड्यातला प्रामाणिक अर्धा किलो शिक्षेसारखा का वाटत असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

अपेक्षांचा हा घोळ माणसांमध्येही मोजला गेला आहे. 1997 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचार सुरू करणाऱ्या 60 लठ्ठ स्त्रियांना विचारलं होतं, तुम्हाला किती वजनावर पोचायचंय? सरासरी उत्तर आलं, आहे त्यापेक्षा 32 टक्के कमी. मग विचारलं, किती वजनावर थांबलात तर तुमची निराशा होईल? उत्तर आलं, 17 टक्के कमी. अठ्ठेचाळीस आठवड्यांच्या उपचारानंतर सरासरी 16 किलो उतरले. कुठल्याही डॉक्टरच्या दृष्टीने हे घवघवीत यश. पण जवळपास निम्म्या जणींना त्यांनी स्वतःच ठरवलेल्या ‘निराशेच्या’ वजनापर्यंतही पोचता आलं नव्हतं. सोळा किलो उतरवून खिन्न होण्याची सोय त्यांनी पहिल्याच दिवशी करून ठेवली होती.

बारीक झालेल्या स्वतःचं चित्र रोज डोळ्यांपुढे आणा, हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो कधी पटला नाही. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन आणि थॉमस वॅडन यांनी 1991 मध्ये याची पाहणी केली होती. आपल्याला जमेल असा विश्वास असलेल्या स्त्रियांचं वजन जास्त उतरलं, हे अपेक्षितच. पण वाट सोपी असणार, मोह सहज टळणार अशी गुलाबी स्वप्नं रंगवणाऱ्यांचं वजन कमी उतरलं. विश्वास आणि दिवास्वप्न या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. अभ्यास लहान होता, पण ओटिंगेन यांच्या पुढच्या कामातही हाच धागा दिसत राहिला: ज्यांनी इच्छेसोबत आड येणारी अडचणही डोळ्यांपुढे आणली, त्यांचे पाय जमिनीवर राहिले.

आता दुसरी ठरलेली जागा, साधारण सहाव्या ते आठव्या महिन्याची. इथे वजन उतरायचं थांबतं, पुष्कळांचं तर वाढायला लागतं. ‘सुरुवातीचा जोर राहिला नाही’ असं सगळेच म्हणतात. पण एका प्रयोगाने या वाक्याला चांगलाच धक्का दिला. मधुमेहाचं एक औषध असं आहे, की ते रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकतं. रोज सुमारे 360 कॅलरी अशा निघून जातात आणि माणसाला पत्ताही लागत नाही. केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षभर हे औषध घेतलेल्यांच्या नोंदी तपासल्या. या लोकांनी आहार ठरवून कमी केला नव्हता, निर्धार केला नव्हता, त्यामुळे निर्धार ढळण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही काही किलो उतरल्यावर त्यांचं वजन थांबलं. का? कारण त्यांची भूक त्यांच्या नकळत वाढली होती. 2016 मध्ये आलेला हिशेब असा, की उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च वीस-तीस कॅलरींनी घटतो, आणि भूक मात्र रोज सुमारे 100 कॅलरींनी वाढते.

दहा किलो उतरवलेल्या माणसाला हा हिशेब लावून पाहा. रोज अंदाजे 250 कॅलरींचा खर्च कमी, आणि हजार कॅलरींची जादा भूक. पहिल्या महिन्यात जेवढ्या निग्रहाने तो ताटावरून उठत होता, तेवढ्याच निग्रहाने आज उठला तरी पोटात जास्त गेलेलं असतं. त्याला वाटतं आपण ढिले पडलो. खरं तर चढ वाढलेला असतो.

या चढामागची रसायनं आता बरीचशी ओळखीची आहेत. लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून निघणारं संप्रेरक 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. चरबी घटली की ते घटतं आणि मेंदू त्याचा अर्थ ‘दुष्काळ पडला’ असा लावतो. घ्रेलिन 1999 मध्ये जपानमध्ये सापडलं, ते भूक चेतवतं. मेलबर्नमधल्या संशोधकांनी दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन उतरवलेल्यांची ही आणि अशी इतर संप्रेरकं वर्षभरानंतर पुन्हा मोजली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की भुकेच्या बाजूने झुकलेलं पारडं वर्ष उलटूनही मूळ जागी आलेलं नव्हतं.

तरी ज्यांना जिद्दीचाच मुद्दा धरून ठेवायचा आहे, त्यांनी मिनेसोटातला प्रयोग वाचावा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस उपासमारीचे परिणाम समजून घेण्यासाठी अँसेल कीझ यांनी 36 तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धात हत्यार उचलायला तत्त्व म्हणून नकार दिलेली ही माणसं होती, आणि भुकेल्या जगाच्या कामी यावं म्हणून आपणहून आली होती. याहून मोठी प्रेरणा कुठून आणायची? वजन साधारण चतुर्थांशाने घटलं. आणि हे तरुण दिवसभर खाण्याबद्दल बोलू लागले, खाण्याचीच स्वप्नं पाहू लागले, काही जण पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसले. काहींनी चोरून खाल्लंही.

उलट बाजूने तपासायची सोय अलीकडे झाली आहे. सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनने घ्यायची औषधं मेंदूतल्या भुकेच्या संकेतांवर काम करतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत औषध घेणाऱ्यांचं वजन 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्क्यांनी घटलं, नुसत्या आहार-व्यायामाच्या सल्ल्यासोबत खोटं औषध घेणाऱ्यांचं 2.4 टक्क्यांनी. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आलं. माणसं तीच. त्यांची जिद्द इंजेक्शनसोबत वाढली आणि इंजेक्शनसोबत संपली, असं कोणी म्हणणार असेल तर म्हणो बापडा.

इच्छाशक्ती बॅटरीसारखी वापरून संपते, ही कल्पना 1998 पासून खूप गाजली. 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी मिळून ती पुन्हा तपासली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य आला. तिच्यावर जास्त वेळ घालवायला नको.

त्यापेक्षा मोलाचं आहे पथ्य मोडल्यानंतरच्या पुढच्या तासाचं विज्ञान. 1975 मधला एक प्रयोग घ्या. काही तरुणींना आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही. मग ‘चव सांगा’ म्हणून सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं, हवं तेवढं खायची मुभा दिली. एरवी खाण्याचा फारसा विचार न करणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, जे साहजिक आहे. एरवी मोजूनमापून खाणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेकनंतर जास्त खाल्लं! ‘आज मोडलंच आहे पथ्य, आता काय राहिलं’ हे वाक्य आपल्याही ओळखीचं आहे. नुकसान पहिल्या चुकीने फारसं होत नाही. तीनशे जादा कॅलरी म्हणजे 40 ग्रॅम चरबी. नुकसान होतं ते ‘आता सोमवारपासून’ म्हणत वाया घालवलेल्या चार दिवसांनी.

यावरचा उतारा 2007 मध्ये क्लेअर ॲडम्स आणि मार्क लिअरी यांनी तपासला. या वेळी डोनट खायला दिला होता. काही जणींना प्रयोग करणाऱ्या व्यक्तीने सहज सांगितलं, सगळेच असं कधीतरी खातात, स्वतःला फार लावून घेऊ नका. मोजूनमापून खाणाऱ्यांपैकी ज्यांना हे सांगितलं गेलं, त्यांनी त्यानंतर पुढे ठेवलेल्या गोळ्या-चॉकलेटं कमी खाल्ली. स्वतःला माफ केलं तर लगाम सुटेल ही आपली भीती. इथे घडलं उलटंच.

सवयीबद्दलही एक दिलासा आहे. 21 दिवसांत सवय लागते, असं ज्याने त्याने ऐकलेलं असतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18, तर कुणाला 254 होतील असा अंदाज निघाला. बाविसाव्या दिवशी अजून जड जात असेल, तर तुमचं काही बिघडलेलं नाही. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्याच अभ्यासातलं. सवय लागायला मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांची ‘जर-तर’ची रीत उपयोगी पडते. ‘जास्त चालेन’ हे मोघम झालं. ‘रात्रीचं जेवण झालं की लगेच वीस मिनिटं चालेन’ असं वेळेला खिळवून ठेवलं, की ऐनवेळी मनाशी वाद घालायची गरज कमी पडते.

आणि नजर कशावर ठेवायची? मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 3234 जणांच्या अमेरिकी अभ्यासात (निष्कर्ष 2002 मध्ये आले) एका गटापुढे उद्दिष्ट फक्त 7 टक्के वजन उतरवण्याचं होतं, सोबत आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम. सरासरी उतरले 5.6 किलो, आणि खोटं औषध घेणाऱ्या गटाच्या तुलनेत मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी राहिलं. आरशात हे साडेपाच किलो कदाचित कुणाच्या लक्षातही आले नसतील. पुढे अनेकांचं वजन बरंचसं परतही आलं, तरी दहा वर्षांनंतरच्या मोजणीत मधुमेहाचं प्रमाण 34 टक्क्यांनी कमीच होतं.

रोज काट्यावर उभं राहावं का, यावर एकच उत्तर नाही. निदान 13.6 किलो उतरवून ते वर्षभर टिकवलेल्यांची नोंद 1994 पासून रीना विंग आणि जेम्स हिल यांनी ठेवली आहे. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. पण ज्यांचा अख्खा दिवस त्या एका आकड्याने नासतो, किंवा ज्यांना पूर्वी खाण्यासंबंधी मानसिक आजार होऊन गेला आहे, त्यांनी काटा पलंगाखाली राहू दिलेलाच बरा. शिवाय या नोंदीत नाव घालणारी माणसं मुळात यशस्वी झालेली, हे विसरायला नको. अर्ध्यात सोडणारे तिथे कळवायला जात नाहीत. तरीही त्यांच्या उत्तरांतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्यांनी वजन जास्त वर्षं टिकवलं होतं, त्यांनी सांगितलं की आता त्यासाठी पूर्वीइतकी खटपट करावी लागत नाही. आणि त्यातून मिळणारं समाधान विचारलं, तर ते तेवढंच होतं.