ठेवलेले उत्तर आणि काढलेले उत्तर

शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख लिहितात, वय लिहीत नाहीत. कारण तारीख एकदा लिहिली की कायम खरी राहते आणि वय पुढच्या वाढदिवसाला खोटे ठरते. प्रोग्रामर ज्यांना प्रॉपर्टी म्हणतात, त्या गुणधर्मांचेही असेच दोन प्रकार असतात. साठवलेल्या गुणधर्माला मेमरीत स्वतःची जागा असते. गणन करून मिळणाऱ्या गुणधर्माला ती नसते. कोणी विचारले की त्यामागचा छोटा कोड चालतो आणि उत्तर त्या क्षणी तयार होते.

हा फरक गुणधर्म वापरणाऱ्या प्रोग्रामरला दिसावा का? आयफेल ही प्रोग्रामिंगची भाषा रचणारे बर्ट्रांड मेयर यांचे म्हणणे असे की, उत्तर साठवणीतून आले की गणनातून, हे ते मागण्याच्या पद्धतीवरून कळता कामा नये. जावा या भाषेने ही वाट धरली नाही. तेथे मूल्यांच्या यादीची म्हणजे अ‍ॅरेची लांबी विचारताना कंस लागत नाहीत, मजकुराची म्हणजे स्ट्रिंगची लांबी विचारताना मात्र लागतात, आणि नवशिक्यांना हे पाठच करावे लागते. शिवाय खुले ठेवलेले एखादे फील्ड, म्हणजे साठवलेला गुणधर्म, पुढे गणनाने काढायचे ठरले, तर ते जेथे जेथे वापरले तो सगळा कोड बदलावा लागतो; त्या धास्तीने जावाचे प्रोग्रामर वर्षानुवर्षे फील्डगणिक गेटर आणि सेटर, म्हणजे मूल्य वाचून देणारा आणि बदलणारा छोटा कोड, लिहीत आले. सी शार्प, पायथन आणि २०१४ मध्ये आलेली स्विफ्ट या भाषांनी मात्र गणन केलेल्या गुणधर्मालाही साठवलेल्याचेच रूप दिले.

तरीही मेमरीचे वास्तव कुठेतरी डोके वर काढतेच. स्विफ्टमध्ये आधीपासून असलेल्या डेटा-प्रकाराला एक्स्टेन्शन, म्हणजे पुरवणी कोड, जोडून गणन केलेला गुणधर्म वाढवता येतो, साठवलेला वाढवता येत नाही; कारण त्यासाठी त्या डेटा-प्रकाराच्या प्रत्येक वस्तूची मेमरीतली मांडणीच बदलावी लागेल.

स्विफ्टमधली स्ट्रिंगची लांबी हे या लपवाछपवीचे सर्वांत बोलके उदाहरण आहे, आणि ते देवनागरीत अधिक स्पष्ट दिसते. ‘मराठी’ हा शब्द यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत १५ बाइट व्यापतो, जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या हिशेबाने त्यात ५ संकेतचिन्हे आहेत, आणि वाचणाऱ्याला अक्षरे ३ च दिसतात: म, रा, ठी. स्विफ्टचा ‘काउंट’ हा गुणधर्म ३ हेच उत्तर देतो, जे मला योग्य वाटते. पण कोणती मात्रा कोणत्या अक्षराला चिकटते हे पाहत त्याला मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत जावा लागतो. उलट बाइटची संख्या स्ट्रिंगसोबत साठवलेली असल्याने ती लगेच मिळते. लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे एक लाख अक्षरांच्या मजकुरावर लूप, म्हणजे प्रत्येक अक्षरासाठी एक फेरी, चालवताना अट म्हणून दर फेरीला ‘काउंट’ विचारला जातो, आणि एकेक अक्षर मोजण्याचे काम १,००० कोटी वेळा होऊन बसते. म्हणूनच स्विफ्टच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, गणन केलेल्या ज्या गुणधर्माचे उत्तर स्थिर वेळेत, म्हणजे माहिती कितीही वाढली तरी तेवढ्याच वेळात, मिळत नाही, त्याला लागणारा खर्च त्याच्या दस्तऐवजात लिहून ठेवावा.