हुजूरपागा

पुण्यातील मुलींची एक जुनी माध्यमिक शाळा. स्थापना १८८४. ‘महाराष्ट्र गर्ल्स एज्युकेशन सोसायटी’ ही संस्था ती चालवते. शाळेचे अधिकृत नाव सांगली संस्थानच्या चिंतामणराव पटवर्धनांवरून ‘एच. एच. सी. पी. हायस्कूल’ असे आहे, पण ते फक्त दाखल्यावर. पुणेकरांच्या तोंडी हुजूरपागाच.

हुजूर म्हणजे पेशवे, पागा म्हणजे घोडी बांधण्याची जागा. पेशव्यांच्या घोड्यांची पागा इथे होती. पेशवाई बुडाली, पुढे जागा सांगलीकर पटवर्धनांकडे आली आणि त्यांनी ती शाळेसाठी दिली. आज लक्ष्मी रस्त्यावरची साड्यांची आणि सराफांची दुकाने जवळच आहेत.

शाळेमागे वामन आबाजी मोडक, न्या. महादेव गोविंद रानडे, रा. गो. भांडारकर आणि शंकर पांडुरंग पंडित ही सुधारक मंडळी होती. ब्रिटिश सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी पैशाची मदत केली. त्या वेळी मुलींची शाळा पुण्याला नवी नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडेवाड्यात १८४८ मध्येच शाळा काढली होती, आणि शिक्षिका तयार करणारे फीमेल ट्रेनिंग कॉलेज १८७० पासून चालू होते. पण बाराखडी, बेरीज-वजाबाकी आणि थोडे शिवणटिपण झाले की मुलीची शाळा सुटे, कारण तोवर तिचे लग्न झालेले असे. हायस्कूल म्हटले की बारा ते सोळा या वयाची मुलगी आली. ती त्या काळी कुणाची तरी सून असे. संमतिवयाची (शरीरसंबंधासाठी मुलीच्या किमान वयाची) मर्यादा दहावरून बारावर नेण्याचा कायदा १८९१ मध्ये झाला, तेव्हा पुण्यात केवढे रण माजले हे सर्वज्ञात आहे. त्याच्या सात वर्षे आधी ही शाळा निघाली.

मुलींसाठी हायस्कूल हवे, अशी मागणी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे सभेत मांडण्यात आली. मागणीचे इंग्रजी भाषण रानड्यांनी लिहिले आणि वाचले रमाबाई रानड्यांनी. त्या वेळी त्या विशीच्या आसपास होत्या. अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्यावर नवऱ्याने रात्री शिकवून त्यांना तयार केले होते. भरसभेत पुरुषांसमोर इंग्रजी वाचून घरी आल्यावर घरच्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना टाकून बोलायला कमी केले नाही. रमाबाईंनी हे सारे आठवणींत लिहून ठेवले आहे. शाळेला विरोध वृत्तपत्रांतून झाला तसा माजघरातूनही झाला, हे त्यावरून कळते.

वृत्तपत्रांतला विरोध प्रामुख्याने टिळकांच्या ‘मराठा’ या इंग्रजी साप्ताहिकातून आला. तिथे शाळेचा उल्लेख ‘फीमेल हायस्कूल’ असा होई. मुख्य आक्षेप दोन होते. एक अभ्यासक्रमावर: मुलींना इंग्रजी आणि मुलांच्या बरोबरीचे गणित कशाला, मराठी, नीतिशिक्षण आणि शिवणकाम पुरे. दुसरा वेळेवर. शाळा अकरा ते पाच भरे. मुलगी दिवसभर बाहेर राहिली तर घरकाम कोण करणार, तेव्हा सकाळी किंवा दुपारी तीन तास शाळा ठेवावी, अशी सूचना होती. अभ्यासक्रमाचा वाद आज जास्त सांगितला जातो, पण खरी मेख घड्याळात होती. तीन तासांत मॅट्रिक होत नाही. दुसऱ्या टोकाला आगरकर होते. स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असे ते म्हणत. त्या मापाने केवळ मुलींसाठी असलेली ही शाळा बेताचीच सुधारणा ठरते. टिळक आणि आगरकर ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांत होते ती संस्थाही १८८४ चीच, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

शाळेबरोबर वसतिगृहही होते, आणि परगावच्या मुलींना त्याचाच आधार होता. इरावती कर्वे यांचा जन्म ब्रह्मदेशातला. सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इथे पाठवले गेले. वर्गात शकुंतला परांजपे भेटल्या, मैत्री झाली आणि इरावती शकुंतलाबाईंचे वडील रँग्लर परांजपे यांच्या घरीच राहायला गेल्या. महाराष्ट्राला एक मानववंशशास्त्रज्ञ मिळाली त्यात शाळेच्या बाकावरच्या या ओळखीचा वाटा मोठा आहे.

धोंडो केशव कर्व्यांनी पुढे, १९०७ मध्ये महिला विद्यालय आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, तेव्हा उच्च शिक्षणही मातृभाषेतून देण्याचा आणि स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम ठेवण्याचा मार्ग त्यांनी धरला. हुजूरपागेचा ओढा मुलांच्याच परीक्षेला मुलींना बसवण्याकडे होता.

संस्थेचा व्याप नंतर वाढला. मुलींचे वाणिज्य महाविद्यालय निघाले, आणि शहर दक्षिणेला पसरले तशी कात्रजलाही शाळा झाली. तिथे घोड्यांची पागा कधीच नव्हती, पण नाव हुजूरपागाच ठेवले आहे.