‘द टर्न ऑफ द स्क्रू’ घरी नेण्याआधी : वाचनालयाच्या सभासदांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

घरपोच सेवेच्या फोनवर हल्ली एक मागणी वारंवार येते : “रहस्यकादंबरी द्या, पण खून-पोलीस नकोत. एखादी मनाने खचलेली बाई असावी, तिच्या भरवशावर एखादं लहान मूल असावं आणि त्या मुलावर काहीतरी संकट आलेलं असावं.” नव्या इंग्रजी कादंबऱ्यांत असल्या गोष्टी भरपूर निघतात. बाईला कधी दारूचं व्यसन असतं, कधी तिचं स्वतःचं मूल गेलेलं असतं, कधी तिला कालचंच धड आठवत नाही. मूल धोक्यात आहे हे फक्त तिलाच दिसतं आणि नवऱ्यापासून पोलिसांपर्यंत सगळे तिलाच वेड्यात काढतात. आमचा एक अख्खा कप्पा या पुस्तकांनी भरला आहे आणि त्यांतली बरीचशी चांगलीही आहेत. तरी पहिल्यांदा मागणाऱ्याच्या हातात आम्ही एक जुनं, आवृत्तीनुसार शंभर-सव्वाशे पानांचं पुस्तक ठेवतो : हेन्री जेम्स यांची १८९८ सालची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’.

हे पुस्तक परत करताना बहुतेक सभासद विचारतात, “मग भुतं खरी होती की नाही?” त्या प्रश्नासाठी, आणि पुस्तक नेण्याआधी पडणाऱ्या आणखी काही प्रश्नांसाठी हे पत्रक आहे. शेवट यात फोडलेला नाही, निर्धास्त वाचा.

गोष्ट काय आहे

इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यातल्या एका गरीब पाद्र्याची धाकटी मुलगी. वय वीस. घरात राहून मुलांना शिकवणारी शिक्षिका म्हणून, म्हणजे गव्हर्नेस म्हणून, तिची ही पहिलीच नोकरी. मालक लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर राहणारा देखणा, श्रीमंत, अविवाहित गृहस्थ. त्याची पोरकी पुतणी फ्लोरा आठ वर्षांची, पुतण्या माइल्स जेमतेम दहाचा. मुलं एसेक्समधल्या ब्लाय नावाच्या जुन्या वाड्यात राहतात. पगार चांगला आहे, पण अट एकच आणि विचित्र : काहीही झालं तरी मालकाला कळवायचं नाही. तक्रार नाही, विचारणा नाही, पत्र नाही. सगळं तिने एकटीने निभवायचं.

ती ब्लायला पोचते न पोचते तोच माइल्सच्या शाळेचं पत्र येतं. मुलाला परत घेता येणार नाही, असं त्यात आहे. का, ते नाही. मालकाने ते पत्र स्वतः न उघडताच तिच्याकडे पाठवलं आहे. ती ते घर सांभाळणाऱ्या मिसेस ग्रोसपुढे धरते, तेव्हा ती प्रेमळ, भाबडी बाई हात मागे घेते. तिला वाचता येत नाही. पत्र हातात आहे, पण ते ज्याच्याबरोबर वाचावं असं त्या एवढ्या मोठ्या वाड्यात कुणी नाही. त्यानंतर गव्हर्नेसला वाड्याच्या बुरुजावर एक अनोळखी माणूस दिसतो.

मुलं ब्लायला कशी आली, हे इथल्या वाचकाने जरा थांबून वाचावं. त्यांचा बाप लष्करात होता आणि हिंदुस्थानात झालेल्या मृत्यूंमुळे ही भावंडं काकाच्या पदरी पडली आहेत. जेम्स हे एका वाक्यात उरकतो. पण पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), मुंबई इथल्या जुन्या ब्रिटिश दफनभूमी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या वाक्याची दुसरी बाजू ठाऊक आहे : पटकीने, तापाने तरुणपणी गेलेले अधिकारी, त्यांच्या बायका, आणि मागे राहून बोटीने ‘घरी’ रवाना झालेली मुलं. माइल्स आणि फ्लोरा त्यांच्यातलीच. त्यांची काळजी करणं ज्याचं काम, तो दूर लंडनमध्ये आहे आणि त्याला त्रास नको आहे.

गव्हर्नेसची स्थितीही समजून घ्यायला हवी. ती नोकर नव्हती, त्यामुळे नोकरांच्या पंगतीत बसत नसे. घरातली नव्हती, त्यामुळे मालकांच्याही नाही. शिकलेल्या पण गरीब घरातल्या मुलींना एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये प्रतिष्ठा राखून करता येण्यासारखं दुसरं काम फारसं नव्हतं. त्यांची परवड एवढी होती की १८४३ मध्ये त्यांच्या मदतीसाठी एक संस्था उभी राहिली आणि तिच्याच खटपटीतून १८४८ मध्ये त्यांच्या शिक्षणासाठी क्वीन्स कॉलेज निघालं. तेही हार्ली स्ट्रीटवरच. मुलांवरच्या क्रूरतेविरुद्धचा पहिला मोठा ब्रिटिश कायदा १८८९ चा. कथेतल्या घटना त्याच्या बऱ्याच आधीच्या. म्हणजे या मुलीला मुलांसाठी दाद मागायला कुठलं कार्यालय नव्हतं आणि मालकाचं दार तर अटीनेच बंद होतं. तिच्या मनाची जी ओढाताण पुढे दिसते, तिची मुळं इथे आहेत. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : फ्लोरा, माइल्स, ग्रोस, मेलेल्या माणसांनासुद्धा नावं आहेत. या मुलीला पूर्ण पुस्तकात नाव नाही.

तळ्याकाठचं प्रकरण

पुस्तक कसं वाचावं हे सांगण्यापेक्षा एक प्रसंग दाखवतो. सहाव्या प्रकरणाचा शेवट.

गव्हर्नेस फ्लोराला घेऊन तळ्याकाठी बसली आहे. हातात शिवण. मान वर न करताच तिला जाणवतं की पलीकडच्या काठावर कुणीतरी उभं आहे. फ्लोराची पाठ पाण्याकडे आहे. मुलीने एक चपटा लाकडाचा तुकडा उचललाय, त्याला एक भोक आहे, आणि त्यात दुसरी काटकी डोलकाठीसारखी ठोकून बसवून होडी करायचा तिचा खटाटोप चालला आहे. बाई वाट बघते. पोर आता दचकेल, ओरडेल, निदान मान वळवेल. पोर काहीच करत नाही. उलट एवढा वेळ चाललेली तिची बडबडही थांबलेली आहे. मग बाई मान वर करते.

पुढच्या प्रकरणात ती मिसेस ग्रोसला गाठून सांगते की मुलांना सगळं ठाऊक आहे, फ्लोराने पलीकडच्या काठावरच्या ‘तिला’ पाहिलं. ग्रोस विचारते, मुलीने तसं सांगितलं का? नाही, एक शब्दही नाही. आणि हेच बाईला सर्वांत भयंकर वाटतं : पोरीने पाहिलं आणि मनात ठेवलं.

आता पुन्हा त्या होडीकडे बघा. आठ वर्षांची मुलगी काटकी भोकात बसवताना गप्प होते, यात नवल काय? पण त्याच गप्पपणात काहीतरी लपवणंही असू शकतं. जेम्सने मजकूर असा लिहिला आहे की दोन्ही वाचनं शेवटपर्यंत टिकतात. म्हणून आमची सभासदांना विनंती आहे की भुतं खरी का, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि दर दोन-चार पानांनी एवढंच विचारा : हे तिला कशावरून कळलं? तिने डोळ्यांनी पाहिलं, कुणी सांगितलं, की तिने ताडलं? पुस्तकाचा सगळा थरार या प्रश्नात आहे. मुलावर तिचं प्रेम आहे यात शंका नाही. त्या प्रेमापोटी ती मुलांना क्षणभरही नजरेआड होऊ देत नाही. ही पाळत मुलांना वाचवते आहे की आणखी एक संकट बनते आहे, ही धास्ती आम्हाला त्या बुरुजावरच्या माणसापेक्षा कितीतरी मोठी वाटते.

दोन बाजू

१९३४ मध्ये अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन याने एक लेख लिहून मांडलं की भुतं-बितं काही नाहीत, सगळे या दडपलेल्या मुलीच्या मनाचे खेळ आहेत. तेव्हापासून वाद चालू आहे. दोन्हीकडचे पुरावे पुस्तकातच आहेत.

ती वेडी नाही म्हणणाऱ्यांचा मोठा आधार म्हणजे पीटर क्विंटचं वर्णन. बुरुजावर आणि मग खिडकीबाहेर दिसलेल्या माणसाचे लाल केस, फिकट चेहरा, बारीक कल्ले, तीक्ष्ण डोळे, अंगावर दुसऱ्याचे वाटावेत असे कपडे, हे सगळं ती सांगते आणि मिसेस ग्रोस त्यावरून मालकाच्या जुन्या खाजगी नोकराला ओळखते. तो मेलेला आहे आणि गव्हर्नेसने त्याला कधीच पाहिलेलं नाही. दुसरा आधार कथेच्याच प्रस्तावनेत आहे. ही हकिगत गव्हर्नेसने स्वतः लिहून ठेवलेली. ती आपल्याला डग्लस नावाच्या माणसाकडून मिळते. पुढे ही मुलगी त्याच्या बहिणीची गव्हर्नेस झाली होती, आणि तिच्याइतकी चांगली बाई त्या पेशात आपण पाहिली नाही असं तो सांगतो. सोडून द्यावी अशी ही साक्ष नाही.

दुसऱ्या बाजूला : ती पहिल्या रात्रीपासून नीट झोपलेली नाही, मालकावर तिचा जीव जडला आहे, आणि भुतं दिसल्याचं तिच्याखेरीज कुणीही स्वच्छ शब्दांत कबूल करत नाही. खिडकीचाच प्रसंग घ्या. तो माणूस नाहीसा झाल्यावर ती बाहेर धावते आणि तो जिथे उभा होता तिथेच उभी राहून काचेतून आत डोकावते. तेवढ्यात मिसेस ग्रोस खोलीत येते आणि काचेपलीकडचा चेहरा पाहून पांढरीफटक पडते. त्या क्षणी काचेपलीकडे गव्हर्नेसच आहे.

आमचं मत विचाराल तर आम्ही कुठल्याच बाजूला पूर्ण जात नाही. ती खोटं बोलत नाही एवढं नक्की. १९०८ मध्ये आपल्या समग्र आवृत्तीत ही कथा घेताना जेम्सने त्या आवृत्तीसाठी स्वतः लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितलं आहे की दुष्टपणाचे तपशील त्याने मुद्दाम मोकळे ठेवले, म्हणजे ते वाचकाने स्वतःच्या कल्पनेतून भरावेत. त्या मुलांवर काय गुदरलं, हे पुस्तकात कुठेही स्पष्ट लिहिलेलं नाही. तुम्हाला जे दिसेल ते बऱ्याच अंशी तुमचं असेल. दोन सभासद एकच पुस्तक वाचून वेगवेगळी गोष्ट सांगत येतात, ते यामुळे.

कथेचं बीज जेम्सला जानेवारी १८९५ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडवर्ड बेन्सन यांच्याकडून मिळालं : वाईट नोकर, पोरकी मुलं, नोकर मेल्यावरही मुलांना बोलावत राहतात, एवढंच. त्याच्या काही दिवस आधी लंडनमध्ये त्याच्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांनी हुर्यो केली होती. बीज वहीत राहिलं आणि दोन-अडीच वर्षांनी कथा झाली.

कोणी घ्यावं, कोणी थांबावं

नारायण धारप, रत्नाकर मतकरी आवडीने वाचणाऱ्यांनी जरूर घ्यावं. फक्त इथे भीती हळू चढते, हे मनाशी धरून बसा. शाळकरी मुलांसाठी आम्ही हे पुस्तक देत नाही. मुख्य पात्रं मुलं असली तरी ते मुलांचं पुस्तक नाही. मुलाच्या जिवाशी खेळ होतो असं वाचणं ज्यांना सध्या सोसणार नाही, घरात नुकतंच दुःख झालं आहे, त्यांनी आधी आमच्याशी बोला. शेवट हवा असेल तर आम्ही फोनवर सांगू आणि दुसरं पुस्तक पाठवू. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

ब्लायच्या त्या मुलीला कळवायला जागा नव्हती, आपल्याला आहे. एखादं मूल खरोखर धोक्यात दिसलं तर १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. स्वतःच्या मनाचा ताण असह्य झाला, झोप उडाली, तर १४४१६ वर ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. दोन्ही क्रमांक आम्ही पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आतही चिकटवले आहेत.

भाषा, आवृत्त्या आणि मुदत

इंग्रजी अवघड आहे का? हो, थोडं. मनगट दुखू लागल्यामुळे जेम्स तेव्हा मजकूर तोंडी सांगून टाइप करून घेत असे, आणि त्याची वाक्यं बोलणाऱ्या माणसासारखी वळणं घेत लांबत जातात. घाई केली की धागा सुटतो. जानेवारी ते एप्रिल १८९८ या काळात ही कथा ‘कॉलियर्स’ या अमेरिकन साप्ताहिकात क्रमशः आली होती. प्रस्तावना आणि चोवीस प्रकरणं आहेत. रोज दोन प्रकरणं हा बेत चांगला चालतो. कथेच्या प्रस्तावनेत गोंधळायला झालं तरी सोडू नका, डग्लसचं बोलणं पुढे उपयोगी पडतं.

आमच्याकडे १९०८ च्या सुधारित पाठाच्या प्रती आहेत. पुस्तकाच्या सुरुवातीला संपादकांनी लिहिलेला अभ्यासलेख मात्र शेवटी वाचा, कारण त्यात सगळं फोडलेलं असतं. जेम्सचं निधन १९१६ मध्ये झालं, त्यामुळे मूळ मजकूर आता कायद्याने सर्वांना खुला आहे आणि इंटरनेटवर मोफत मिळतो. ज्यांना पडद्यावर वाचायला चालतं त्यांनी तिथे वाचावा, आमची हरकत नाही. या कथेवरचा, डेबोरा कर यांची मुख्य भूमिका असलेला १९६१ चा ‘द इनोसन्ट्स’ हा चित्रपट उत्तम आहे, पण पुस्तकानंतर पाहावा. चेहरे एकदा डोळ्यांपुढे बसले की स्वतःचे उभे करता येत नाहीत.

पुस्तक लहान असलं तरी मुदत मोठ्या कादंबरीइतकीच दिली आहे, दुसऱ्यांदा वाचायची इच्छा होते म्हणून. घरात दोघं वाचणारे असतील तर तसं सांगा, एकाच डिपॉझिटवर दोन प्रती पाठवू. समासात पेन्सिलने खुणा कृपया करू नका. त्यासाठी पुस्तकात एक कोरी चिठ्ठी ठेवली आहे. गव्हर्नेसबद्दल पहिली शंका कुठल्या प्रकरणात आली, किंवा आलीच नाही, ते तिच्यावर लिहून पुस्तकासोबत परत द्या.